कानात सांगितलेलं उत्तर

मी प्रश्न विचारला, तशी ती मुलगी जागची हलली.

मुलाखतीच्या टेबलापलीकडे तिच्यासाठी स्टूल ठेवलं होतं, पण त्यावर ती बसली नव्हती, शेजारी उभी होती. तिथून ती निघाली आणि टेबलाला वळसा घालून, जंगम सरांच्या पाठीमागून, इनामदार मॅडमच्या पाठीमागून, सरळ माझ्या खुर्चीपाशी आली. माझ्या कानाला हाताचा आडोसा केला आणि कुजबुजली,

"घराच्या म्होरल्या पाण्याची येगळी हाय, मागल्या पाण्याची येगळी. कंची सांगू?"

मी विचारलं होतं, तुमच्या गावाजवळून कोणती नदी वाहते? मला सुचलेला तो सगळ्यांत सोपा प्रश्न होता.

"म्हणजे?" मीही नकळत कुजबुजलोच.

"आमचं घर डोंगराच्या माथ्याव हाय. म्होरल्या वळचणीचं पाणी देशाव जातंय, मागल्या वळचणीचं कोकणात."

एवढं सांगून ती आली तशी परत गेली आणि स्टुलाशेजारी हाताची घडी घालून उभी राहिली. तिच्या केसांचा चुलीच्या धुराचा वास माझ्यापाशी राहिला.

मग नानासाहेब निकम, आमच्या संस्थेचे सचिव, मोठ्याने हसले.

"काय हो टोणपे, काय खासगी काम काढलं हिनं तुमच्याकडे?"

खरं म्हणजे मी त्या खुर्चीवर असायलाच नको होतो. आमची संस्था तालुक्याच्या गावी मुलींची निवासी शाळा चालवायची आणि मी तिथला ग्रंथपाल होतो. दरवर्षी डोंगरभागातल्या एका मुलीला पाचवीपासून दहावीपर्यंत फुकट ठेवून घ्यायचं, जेवण, कपडे, पुस्तकं सगळं संस्थेचं, असा नियम होता. एक जागा. तिच्यासाठी आधी लेखी परीक्षा आणि मग निवडक मुलींच्या मुलाखती. मुलाखतीला चार परीक्षक हवेत. त्या वर्षी चौथे परीक्षक, पंचायत समितीचे कोणी अधिकारी, आलेच नाहीत. नानासाहेबांनी शिपायाकडून मला वाचनालयातून बोलावून घेतलं. "टोणपे, बसा इथं. बोलायचं काही नाही, शेवटी सही करायची." मला ते बरंच वाटलं होतं. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझे शब्द मागचे पुढे होतात, आजही होतात. पण ही मुलगी आत आली आणि नुसतीच उभी राहिली, तेव्हा नानासाहेब म्हणाले, "घाबरलीय. टोणपे, तुम्हीच विचारा काहीतरी, तुम्हाला बघून कोण घाबरणार?"

तिचं नाव ठकूबाई जानू येडगे. घाटमाथ्यावरच्या एका धनगरवाड्यावरची. आणि लेखी परीक्षेत ती सगळ्या मुलींत पहिली आली होती.

"उत्तर बरोबर आहे," मी म्हणालो.

"काय उत्तर?"

मी सांगितलं. पुढल्या वळचणीचं पाणी, मागल्या वळचणीचं पाणी. पण तिच्या तोंडी ते जसं होतं तसं माझ्या तोंडी राहिलं नाही. मी चाचरत बोललो, मधेच खाकरलो, आणि शेवटी ते एखाद्या कोड्यासारखं वाटायला लागलं.

"बरं बरं," नानासाहेब म्हणाले. "जंगम, तुम्ही विचारा."

जंगम सर गणिताचे. त्यांनी पेन्सिल बोटांत फिरवली. "हे बघ मुली. एका लांब दोरीचे आठ तुकडे करायचे आहेत. तर दोरी किती ठिकाणी कापावी लागेल?"

मुलीने वर पाहिलं. उत्तर तिला आलेलं आहे हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ती निघाली, टेबलाला वळसा घालून जंगम सरांच्या दिशेने. सरांनी खुर्ची इतक्या जोरात मागे सरकवली की ती भिंतीवर आपटली.

"अगं ए! तिकडंच थांब. तिथून सांग."

ती टेबलाच्या कोपऱ्याशी थांबली. धड इकडे नाही, धड तिकडे नाही. तिचे ओठ हलले.

"मोठ्यानं."

ओठ पुन्हा हलले. सात, असं ते हलले. मी शपथेवर सांगितलं असतं. पण आवाज आला नाही.

"बाळ," नानासाहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, "इथं तुला कोणी खात नाही. खणखणीत बोल. बोल."

ती जमिनीकडे बघत राहिली. इनामदार मॅडमनी, त्या आमच्या मुख्याध्यापिका, एक कविता म्हणून दाखव म्हटलं. नाव सांग म्हटलं. नावसुद्धा ओठांतच राहिलं. शेवटी तिला बाहेर पाठवलं.

तिच्या आधीची मुलगी केतकी नावाची होती. डोंगराच्या पायथ्याच्या बाजारगावची. आत येताच तिने टाचा जुळवल्या होत्या आणि "सन्माननीय परीक्षक, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार" अशी सुरुवात केली होती. तिलाही नदी विचारली होती, जंगम सरांनी. तिने शेजारच्या तालुक्यातली नदी सांगितली, पण अशी ठासून की सर स्वतःच घोटाळले. नानासाहेब मांडीवर थाप मारून म्हणाले होते, "चुकली, पण ठसका बघा पोरीचा!" आमच्या शाळेला वक्तृत्वाची ढाल सलग मिळत होती. नानासाहेबांच्या खोलीत त्या ढाली ओळीने लावलेल्या होत्या, आणि नवं सभागृह बांधायला घेतलं होतं तेही त्याच जोरावर.

"लेखीत पहिली आणि तोंडी मुकी," जंगम सर म्हणाले. "हे जुळत नाही, साहेब."

"म्हणजे?"

"पेपर आपण गावोगावच्या शाळांवर पाठवले होते. तिच्या वाडीवर एकच शिक्षिका. तिनंच पेपर दिला, तिनंच गोळा केला. आता सोडवला कोणी, ते…"

"ती बाई आलीय ना बरोबर?" इनामदार मॅडम म्हणाल्या. "बाहेर बसलीय."

"तिने मला उत्तर सांगितलं," मी म्हणालो. "माझ्यासमोर."

"टोणपे," जंगम सर हसून म्हणाले, "ते तुम्ही म्हणता. आम्ही कोणी ऐकलं का?"

खरंच कोणी ऐकलं नव्हतं.

चहा आला. मी माझा कप तसाच ठेवून बाहेर पडलो.

मैदानाच्या कडेला बुचाचं झाड होतं, त्याच्याखाली ते तिघं बसले होते. बाई पस्तिशीच्या, पातळ जरा वर खोचलेलं, पायांत कॅनव्हासचे बूट. शेजारी मुलीचा बाप, खांद्यावर घोंगडी, डोक्याला लाल पागोटं. आणि ठकू. ती भाकरी खात होती आणि तोंडात घास असतानाच बापाला काहीतरी सांगत होती, चांगलं मोठ्याने, हातवारे करून.

मला बघताच गप्प झाली.

"मी इथला ग्रंथपाल," मी म्हणालो. "मघाशी आत होतो."

"मी थोरवडे बाई." त्या उठून उभ्या राहिल्या. "झालं का हो? घेणार का?"

"ती बोलली नाही."

"बोलली न्हाय?" बाप चकित झाला. "कोन, ही? अवो गुर्जी, हिला गप ऱ्हा म्हनता म्हनता माजं त्वांड दुखतंय! डोंगराव शेरडं हाकाया लागली की पल्याडच्या वाडीतली मानसं वळखत्यात, जानूची पोरगी आली म्हनून."

"ती माझ्या कानात बोलली," मी बाईंना म्हणालो. "टेबलाला वळसा घालून आली आणि कानात बोलली. जंगम सरांच्याही कानाशी निघाली होती. त्यांना ते… त्यांना ते विचित्र वाटलं."

थोरवडे बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचा हात आपोआप स्वतःच्या उजव्या कानाकडे गेला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "अगं बाई गं. हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

त्या परत खाली बसल्या. मीही बसलो.

"आमची शाळा एक खोली आहे, सर. पहिली ते चौथी, चार वर्ग, एक खोली, एक मी. चार भिंतींना चार फळे रंगवलेत. पहिलीची पोरं एका भिंतीकडे तोंड करून बसतात, दुसरीची दुसऱ्या. मी मधे. एका भिंतीनं मोठ्यानं उत्तर दिलं की बाकीच्या तीन भिंती माना वळवतात. एकाचा पाढा चालू असतो, तो तिकडच्या कवितेत शिरतो. पहिलं वर्ष नुसता गोंधळ होता. मग मी नियम केला. ज्याला उत्तर आलं त्यानं उठायचं, माझ्याजवळ यायचं आणि कानात सांगायचं. बरोबर असेल तर मी पाठीवर थाप देते, चूक असेल तर परत पाठवते. बाकीचे वर्ग चालू राहतात."

"रोज?"

"रोज. संध्याकाळी माझा हा कान ओला झालेला असतो." त्या हसल्या. "पण पोरं शिकली, सर. या नियमानं शिकली. ही तर पहिलीत असतानाच मागच्या भिंतीवरची तिसरीची गणितं चोरून बघायची. मी धपाटा घालायचे."

"कानात सांगायचं म्हंजी साळंत, आन् बोंबलायचं म्हंजी डोंगराव," बाप म्हणाला. "हेच शिकिवलंय की आमी बी. साळंत आवाज करायचा न्हाय."

"दुसरी खोली नाही?"

"मंजूर आहे ना. पाया खणलाय. मी तिथं रुजू व्हायच्या आधीच खणलाय. दरवर्षी पैसे आले म्हणतात आणि परत गेले म्हणतात. पट कमी आहे म्हणे. एवढ्या पोरांना दोन खोल्या कशाला? आणि एका खोलीत चार वर्ग बघून जी दोन-चार पोरं खालच्या गावात मामाकडे जातात, त्यांच्यामुळे पट अजून कमी होतो. मग पुन्हा तेच. साहेब येतात, पाया बघतात, चहा घेतात, जातात."

तो पाया पुढे मी एकदा पाहिला. त्यात करवंदीच्या जाळ्या वाढल्या होत्या. थोरवडे बाईंची तोवर बदली झाली होती, आणि शेजारच्या त्या एका खोलीलाही कुलूप होतं. मुलं कमी म्हणून शाळा खालच्या गावच्या शाळेत मिसळली होती. वाडीवरून तिथं रोज जाऊन येणं कुठल्या मुलाला शक्य नव्हतं. पण ते नंतर.

"अजून एक आहे," मी म्हणालो. मला सांगायचं नव्हतं. "त्यांना वाटतंय, पेपर तुम्ही सोडवून दिला."

बाईंचा चेहरा लाल झाला. मग त्या हळूच म्हणाल्या, "चार वर्गांची हजेरी, खिचडी, जनगणना, पोलिओ… मला पेपर सोडवायला फुरसत कुठून मिळणार हो? त्या दिवशी ठकू त्या भिंतीशी पेपर लिहीत होती आणि मी बाकीच्या तीन भिंतींना शिकवत होते."

"त्यांनी न्हाय घेतली तर?" बापाने मला विचारलं. "म्हंजी आमाला काय करावं लागंल?"

"खाली पाचवीची शाळा…"

"ती लांब. पोरीच्या जातीला रोज रानातनं कोन सोडतंय? पोरगा असता तर इचार केला असता." तो घोंगडीच्या गोंड्याशी चाळा करत होता. "बाई म्हनल्या हुशार हाय, म्हनून आलो. दोन वरसं मागं लागल्यात. न्हाय तर हिची आई म्हनती, शेरडामागं एक मानूस कमीच हाय."

ठकू ऐकत होती. भाकरीचा तुकडा तिने हातात तसाच धरला होता.

मी परत गेलो. नानासाहेब बशीतून चहा पीत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चार भिंती, चार वर्ग, कान. घाईघाईने सांगितलं, थोडं मागचं पुढे झालं. इनामदार मॅडमनी "अरेरे" म्हटलं. जंगम सर म्हणाले, "गोष्ट छान आहे."

"तिला अजून एकदा बोलवा, साहेब."

नानासाहेबांनी बशी खाली ठेवली. तो माणूस वाईट नव्हता. मला आजही तसंच वाटतं.

"टोणपे, तुम्ही कधी काही मागत नाही. म्हणून एकदा. पण तिनं मोठ्यानं बोललं पाहिजे. तिथं, स्टुलापाशी उभं राहून. कबूल?"

"कबूल."

मी जवळजवळ पळतच मैदानात गेलो. थोरवडे बाई ठकूला घेऊन झाडापासून लांब उभ्या राहिल्या.

"ठके, आता तिथं मोठ्यानं बोलायचं."

"साळंत?"

"ही वेगळी शाळा आहे. इथं मोठ्यानं बोलतात."

"मग बाकीची प्वारं कशी शिकत्यात?"

बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इथं खोल्या पुष्कळ आहेत, बाळा. हे बघ, मी विचारते. तीन आठे?"

ठकू बाईंच्या कानाकडे सरकली.

"अंहं. तिथून."

ओठ हलले. आवाज नाही. मी जरा लांब जाऊन उभा राहिलो, माझ्यामुळे होत असेल म्हणून. तरी नाही. बाईंनी दोनदा, तीनदा विचारलं. चिडल्या. मग बाप पुढे आला.

"आगं, शेरडू पल्याडच्या कड्याव गेलंय. हाक मार!"

तिने बापाकडे पाहिलं, मग शाळेच्या इमारतीकडे.

"हितं?"

"हितंच. तीन आठे म्हनून हाक मार."

आणि ती ओरडली. "चोवीऽऽऽस!" असा आवाज त्या मैदानात मी त्याआधी ऐकला नव्हता. पलीकडच्या वर्गांच्या खिडक्यांत मुलींची डोकी दिसली. शिपाई काय झालं म्हणून धावत आला. जानू हसून दुमडला. "बघा! बघा गुर्जी! म्हनं बोलत न्हाय!" ठकूही हसली. थोरवडे बाईंनी तिच्या पाठीवर थाप दिली, जोरात. त्या वेळी आम्हा चौघांना खरंच वाटलं की झालं.

"अस्संच बोल आत," बाई म्हणाल्या.

तिला आत नेलं. स्टुलाशेजारी उभी राहिली. मी माझ्या खुर्चीवर बसलो आणि तिच्याकडे बघून मान हलवली.

"बरं," जंगम सर म्हणाले. "मघाचाच प्रश्न. दोरीचे आठ तुकडे करायचे, तर किती ठिकाणी कापायची?"

ठकूने छाती भरून श्वास घेतला.

"साऽऽऽत!"

इनामदार मॅडमच्या हातातला कप हिंदकळला आणि चहा साडीवर सांडला. जंगम सरांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. नानासाहेब आधी दचकले, मग हसायला लागले. पोट धरून हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अरे देवा! अरे, ही तर… जंगम, आता आलं का ऐकू?" त्यांच्या हसण्यात दुष्टपणा नव्हता. दाराबाहेर शिपाई हसत होता. जंगम सरही हसले.

"उत्तर बरोबर आहे," मी म्हणालो. कोणाला ऐकू गेलं नसावं.

ठकू प्रत्येकाच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती. शेवटी तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा मान हलवली, पण तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही.

"छान," नानासाहेब डोळे पुसत म्हणाले. "आता थोडं हळू. मधलं. समजलं का? फार मोठ्यानं नाही, फार हळू नाही. तुझ्या वाडीची माहिती सांग."

ती गप्प.

"सांग, बाळ. किती घरं आहेत? लोक काय करतात?"

गप्प. ओठही आता हलत नव्हते. तिने दोन्ही हात मागे नेले होते आणि पाठ भिंतीला टेकेपर्यंत ती मागे सरकली होती. नानासाहेबांनी बराच वेळ वाट पाहिली. खरोखर पाहिली. मग त्यांनी मला म्हटलं, "बघा टोणपे. मी दिली की नाही संधी?"

"साहेब, मी तिच्याजवळ जाऊन बसतो. ती मला सांगेल, मी तुम्हाला सांगतो."

"आणि पुढं? वर्गात साठ मुली असतात. सहा वर्षं तुम्ही तिच्याजवळ बसणार? शिक्षक कोणाकोणाच्या तोंडाशी कान नेणार?"

"शिकेल ती. थोड्या दिवसांत शिकेल."

"आणि नाही शिकली तर? बाकीच्या मुली हसतील. आत्ता आपणच हसलो, आपण तर मोठी माणसं. पोर रडत रडत परत गेली, तर ते कोणाच्या माथी? त्या केतकीला घेतलं तर जागा वाया तरी जाणार नाही." ते थांबले. "तिच्या गावची शाळा सुधारणं हे आपलं काम नाही हो. आपल्याकडे जागा एक आहे."

"पेपर तिनंच लिहिलाय, साहेब."

"असेल. मी कुठं नाही म्हणतो? असेलही."

मला वाटतं मी अजून काही म्हणालो. काय ते आठवत नाही. एवढं आठवतं की माझा आवाज मध्येच चिरकला आणि इनामदार मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. माझ्या जागी दुसरा कोणी बोलका माणूस असता तर त्याने तिला जागा मिळवून दिली असती का, हा विचार मी पुढे पुष्कळदा केला. बहुतेक नसती. पण नक्की सांगता येत नाही. मुलाखती संपल्यावर कागद माझ्यापुढे आला. त्यावर केतकीचं नाव होतं आणि तीन सह्या. मी सही केली नाही. नानासाहेब म्हणाले, "असू द्या, तिघांच्या आहेत." चौथ्या सहीवाचून काही अडलं नाही.

बाहेर जाऊन सांगायचं काम माझ्यावर आलं. मी काही बोलायच्या आधीच थोरवडे बाईंना कळलं. त्या पिशवी उचलून म्हणाल्या, "चला, शेवटची गाडी चुकायची."

मी त्यांच्याबरोबर एस.टी. स्टँडपर्यंत गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. वाटेत जानू पुढे चालत होता, ठकू त्याच्या मागे. बाई माझ्याबरोबर.

"उद्या शाळा उघडल्यावर काय करू, सांगा," त्या म्हणाल्या. "तिसरीत एक पोरगा आहे, दगडू. हिच्यापेक्षाही तल्लख. पुढल्या वर्षी असल्याच कुठल्यातरी मुलाखतीला त्याला न्यावं लागेल. म्हणजे आत्तापासून त्याला मोठ्यानं बोलायला शिकवायला पाहिजे. एका भिंतीला मोठ्यानं बोलू दिलं की बाकीच्या तीन भिंतींचं शिकणं बंद. आणि हळू बोलू दिलं तर तुमच्या टेबलापाशी हेच. तुम्ही पुस्तकांतले आहात. कुठं लिहिलंय का हो, याला काय करायचं?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"नसणारच." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "मलाही नाही."

स्टँडवर गाडी लागायची होती. जानू चौकशीच्या खिडकीकडे गेला. ठकू कट्ट्यावर बसून पाय हलवत होती. आता ती पुन्हा बोलायला लागली होती, नेहमीच्या आवाजात. एका शेळीला दोन करडं झाली होती, त्यातल्या एकाचे पाय मागून पांढरे होते, ते ती बाईंना सांगत होती. मग मधेच थांबून ती माझ्याकडे वळली.

"गुर्जी, माजी उत्तरं चुकली?"

"नाही."

"नदीचं?"

"ते बरोबर होतं."

"दोरीचं?"

"तेही."

"समदी बरूबर?"

"सगळी."

ती विचारात पडली. पाय हलायचे थांबले.

"मग?"

मी थोरवडे बाईंकडे पाहिलं. इतका वेळ त्या काही ना काही बोलत होत्या. आता त्या रस्त्याकडे बघत होत्या, ज्या बाजूने गाडी यायची त्याच्या उलट बाजूला.

गाडी आली. धूळ उडाली, माणसं दाराशी जमली. जानूने लांबूनच हाक मारली, पोरीला दंडाला धरून आत चढवलं, माझ्याकडे बघून हात जोडले. बाई मागून चढल्या. ठकूला खिडकीची जागा मिळाली होती. कंडक्टरने घंटी दिली. गाडी वळेपर्यंत ती खिडकीच्या गजांमधून माझ्याकडे बघत होती, कारण मी अजून काही बोललो नव्हतो.